पगार नाही, पदवी नाही : वै. विष्णुबुवा जोग महाराज

आज गावोगावच्या सप्ताहात उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार आळंदीला शिकून आलेले असतात. आपल्या दिंडीतही तसेच आहे. ही वाट ज्यांनी पाडली, त्या वैकुंठवासी सद्गुरू विष्णुबुवा जोग महाराजांना शताब्दीच्या या अंकात दंडवत घालावा, म्हणून हे चार शब्द.

महाराजांचा जन्म १८६७ सालचा, पुण्याचा. तरुणपणी तालमीचा भारी नाद. पुढे ओढ लागली ती ज्ञानोबा-तुकोबांची. लग्न केले नाही, संसार मांडला नाही. नावामागे पदवी नव्हती की महिन्याचा पगार नव्हता. पण शिकवायला बसले की ऐकणारा उठत नसे.

त्या काळी कीर्तन शिकायचे म्हणजे एखाद्या फडात जन्म हवा, नाहीतर कुणा बुवांच्या मागे वर्षानुवर्षे टाळ घेऊन हिंडायचे. शेतकऱ्याच्या पोराला गळा असायचा, अभंगही तोंडपाठ असायचे. पण अर्थ अडला तर विचारायचा कुणाला? ही अडचण महाराजांनी ओळखली.

त्यांनी दोन कामे केली. तुकोबारायांच्या गाथेवर सोप्या मराठीत अर्थ लिहून ती छापली. ज्याला अक्षरओळख आहे, त्याला घरी बसून गाथा उलगडू लागली. दुसरे काम म्हणजे १९१७ साली आळंदीत माऊलींच्या सान्निध्यात काढलेली वारकरी शिक्षण संस्था. तिथे शिकून सरकारी नोकरी लागणार नव्हती. ज्ञानेश्वरी, गाथा, नाथभागवत पाठ करायचे, अर्थ समजून घ्यायचा, गायला शिकायचे आणि पोटाला गावात माधुकरी मागायची. चार घरचे अन्न खाऊन पोरगा शिकला की त्याला आपल्या विद्येचा ताठा उरत नाही, हेही शिक्षणच होते.

१९२०च्या फेब्रुवारीत महाराज वैकुंठवासी झाले. संस्थेला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. एका माणसाच्या जिवावर चाललेले काम तो माणूस गेला की बसते, हे आपण गावात नेहमी बघतो. इथे तसे झाले नाही, कारण महाराजांनी नुसते भक्त गोळा केले नव्हते, शिकवणारे तयार केले होते. बंकटस्वामी महाराज होते, सोनोपंत दांडेकर होते. सोनोपंत पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पण वारकऱ्यांत ते मामासाहेब आणि जोग महाराजांचे शिष्य म्हणूनच वावरले. कॉलेजचा प्राचार्य ज्याला गुरू मानतो, त्याच्याकडे पदवी नव्हती, याचे आम्हाला फार मोल वाटते. संस्थेने शंभरी ओलांडली. तिथला अभ्यास आजही चार वर्षांचा आहे.

आता आपले बघू. आपली पोरे दिंडीत चालतात, पताका धरतात, मोबाइलवर कीर्तनही ऐकतात. पण हरिपाठातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर खाली बघतात. दोष पोरांचा नाही. त्यांना बसवून सांगायला आपण वेळ काढत नाही. म्हणून या वर्षीपासून मुक्कामी हरिपाठ झाला की अर्धा तास पोरांसाठी राखायचा, असे आम्ही ठरवले आहे. एक ओवी, तिचा अर्थ आणि पोरांचे प्रश्न. ज्याला जेवढे येते त्याने तेवढे सांगावे. जोग महाराजांचे ऋण फेडायला एवढे तरी आपल्या हातून घडो.

रामकृष्णहरी.