मांजरेला अडविणारे नवाब अली नवाज जंग

बीदरकरांना मांजरा नदी वेगळी सांगावयास नको. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात तिचा उगम. लातूर व बीदरकडची काळी माती बरोबर घेऊन ती तेलंगणात उतरते व शेवटी गोदावरीस मिळते. या नदीवर निजामसागर बांधणारे अभियंते नवाब अली नवाज जंग बहादूर हे होत.

त्यांचे मूळ नाव मीर अहमद अली. ११ जुलै १८७७ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. तेथील सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल व निजाम कॉलेज येथे शिकून ते इंग्लंडात कूपर्स हिलच्या प्रसिद्ध अभियांत्रिकी विद्यालयात गेले. परत येऊन ते संस्थानच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे दगावली. पूर अडविण्याची योजना विश्वेश्वरय्यांनी आखली. पण आखलेले प्रत्यक्ष उभे करण्याचे काम अली नवाज जंग यांच्याकडे आले. उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. योजना करणाऱ्याचे नाव राहते, राबणाऱ्याचे मागे पडते, तसे यांचेही आपल्याकडे थोडेफार झाले.

१९२३ ते १९३१ या काळात त्यांनी निजामसागर बांधला. धरण सुमारे ३ किलोमीटर लांब, वरून मोटार जाईल असे. २,७५,००० एकर जमीन भिजावी असा हिशेब होता. याच पाण्यावर बोधन भागात ऊस वाढला व साखर कारखाना उभा राहिला. पुढे स्वातंत्र्यानंतर तेथे वीजगृहही झाले. कालव्यात सोडावयाचे पाणी आधी वीजयंत्राची चाके फिरविते व मग शेतात जाते; एकाच पाण्याची दोन कामे!

मात्र या धरणासाठी सुमारे ४० गावे उठवावी लागली. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा गावांना सहसा जागा मिळत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

दुसरी गोष्ट गाळाची. जलाशयात आरंभी सुमारे ३० अब्ज घनफूट पाणी मावत असे. १९७०च्या दशकापर्यंत ते १२ अब्जांच्या आसपास आले. वरच्या अंगाची उघडी रानेच पावसाबरोबर वाहत जाऊन धरणाच्या पोटात बसली. आपल्याकडच्या शेतकऱ्याची माती गेली आणि खालच्या शेतकऱ्याचे पाणी गेले. हा दोष एकट्या नवाबसाहेबांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. धरण एका जागी बांधता येते, माती मात्र शेतोशेती बांध घालूनच राखावी लागते.

तुंगभद्रेच्या पाण्यासाठी मद्रासशी वर्षानुवर्षे चाललेल्या वाटाघाटींत हैदराबादची बाजू त्यांनी मांडली. १९४४ मध्ये करार झाला आणि १९४५ मध्ये दोन्ही तीरांवर पायाभरणी झाली. शेती व वीज या दोन्हींसाठी योजलेले ते धरण १९५३ मध्ये पाणी देऊ लागले व रायचूरकडची कोरडी राने भिजली. नवाबसाहेब त्यापूर्वीच, डिसेंबर १९४९ मध्ये, वारले होते.