ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने त्यांनी मॉंटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचे काम केले. पुढे तेच शिक्षण त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी व कोसबाड येथे वारली व इतर वंचित समाजातील बालकांपर्यंत नेले. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी हे त्यांच्या कार्यातून पुढे आलेले तीन महत्त्वाचे प्रयोग आहेत. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

बालपण व शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. आई उमाबाई या बालविधवा. सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या काळी विधवाविवाह करणाऱ्या कुटुंबावर समाजाचा अघोषित बहिष्कार असे. त्यामुळे एकीकडे सुधारकी घरातील मोकळीक आणि दुसरीकडे नातेवाइकांचा व शेजाऱ्यांचा दुरावा, अशा दुहेरी वातावरणात केळकरांची मुले वाढली. मुलींना शिकवायचे की नाही हा प्रश्न त्या घरात कधी उपस्थितच झाला नाही. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्री पदवीधरांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी असण्याचा तो काळ होता.

पदवीनंतर अमरावतीचे वकील कृष्ण विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये लहान मुलीला घेऊन त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि चरितार्थासाठी घराबाहेर पडल्या. घटस्फोट हा शब्दही मराठी मध्यमवर्गात कुजबुजत उच्चारला जात असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या पुढील आयुष्याला निर्णायक वळण देणारा ठरला. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

भावनगरची वर्षे

राजकोटची नोकरी प्रतिष्ठेची व स्थैर्याची होती. ती सोडून १९२३ च्या सुमारास ताराबाई भावनगरला गेल्या. नानाभाई भट्ट यांनी तेथे १९१० मध्ये दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था स्थापन केली होती, आणि तिच्याच आश्रयाने गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना मारिया मॉंटेसरी यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी वकिलीचा त्याग केला.

त्या वेळच्या प्राथमिक शाळेत मूल काय शिकत होते, हे लक्षात घेतल्याशिवाय बालमंदिराचे नावीन्य कळत नाही. पाटीवर मुळाक्षरे गिरवणे, पाढे व कविता एका सुरात घोकणे, मास्तरांची छडी आणि मांडी घालून तासन्‌तास गप्प बसणे, एवढ्यात पहिल्या इयत्तांचा अभ्यासक्रम आटोपत असे. बालमंदिरात या क्रमाची उलटापालट झाली. तेथे मूल आधी हात व डोळे वापरण्यास शिके. लाकडी दट्टे त्यांच्या मापाच्या खोबणींत बसवणे, गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा रचणे, खरबरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे, पाणी न सांडता पेला नेणे, अशा कामांतून त्याची इंद्रिये तयार होत आणि लेखन–वाचन त्यामागून येई. मारणे, बक्षीस देणे व स्पर्धा लावणे या तिन्ही गोष्टी तेथे वर्ज्य होत्या. शिस्त कामातून उगवते, ती बाहेरून लादता येत नाही, हे मॉंटेसरींचे सूत्र भावनगरात प्रत्यक्ष आचरणात आले.

गिजुभाई व ताराबाई यांनी मात्र मॉंटेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. गोष्टी, लोकगीते, नाट्य आणि कल्पनेचे खेळ यांना मॉंटेसरींनी दुय्यम स्थान दिले होते. भावनगरच्या बालमंदिरात त्यांना मानाचे स्थान मिळाले. भारतीय घरांत आजीच्या गोष्टींवर वाढणाऱ्या मुलांसाठी हा बदल अगदी स्वाभाविक होता. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाच्या शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. मुलाचा हट्ट, खोटे बोलणे, भीती, जेवणातील कटकटी असे घरोघरचे विषय या पत्रिकेने पालकांसमोर मांडले. बालमानसशास्त्र मराठी घरात पोहोचवण्याचे तिचे श्रेय फार मोठे आहे. त्याची दखल मात्र म्हणावी तशी घेतली गेलेली नाही.

दादरचे शिशुविहार

भावनगर सोडल्यानंतर ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराबरोबर शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापन मंदिरही तेथे चालू झाले. मराठी माध्यमाच्या बालशिक्षणाला प्रशिक्षित शिक्षिका मिळू लागल्या त्या मुख्यतः येथून. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाची धुरा ताराबाईंवर आली. त्याच वर्षी मारिया मॉंटेसरी भारतात आल्या व मद्रासजवळील अड्यार येथे त्यांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. त्यामुळे या पद्धतीचा देशभर बोलबाला झाला.

या बोलबाल्याची दुसरी बाजू ताराबाईंना अस्वस्थ करीत होती. मॉंटेसरींनी १९०७ मध्ये आपले पहिले बालगृह रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत काढले होते. भारतात येईपर्यंत मात्र ही पद्धत सुखवस्तू घरांची झाली होती. तिची लाकडी साधने महाग, प्रशिक्षण महाग, आणि म्हणून फीही जबर. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती व तेथे बालमंदिर हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. लहान मुलाच्या शिक्षणाविषयी इतकी वर्षे जे सांगितले, ते या मुलांना लागू पडणार नसेल तर ते शास्त्र म्हणवून घेण्यास पात्र आहे काय, असा हा पेच होता. महात्मा गांधींच्या नई तालीमच्या विचारानेही त्यांचे लक्ष याच दिशेला वळवले.

बोर्डी : अंगणातली शाळा

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी दादरची घडी बसलेली संस्था सहकाऱ्यांवर सोपवून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तेथे आधीपासून होती व आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणनिष्ठ कार्यकर्ते त्या परिसरात काम करीत होते. त्याच सुमारास अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह व पुढे सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका म्हणून पुण्यात स्थिरावल्या होत्या. काही काळासाठी म्हणून त्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी उरलेले सारे आयुष्य या कामाला वाहिले.

बोर्डीच्या आसपासचा प्रदेश त्या वेळी धगधगत होता. जमिनी सावकार–जमीनदारांच्या हाती गेलेल्या आणि वारली कुटुंबे वेठीला जुंपलेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा–बायकोने मालकाकडे राबत राहावे, अशी लग्नगड्याची प्रथा तेथे रूढ होती. १९४५ मध्येच शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांचा लढा उभारला. ताराबाईंचा मार्ग राजकीय लढ्याचा नव्हता, परंतु ज्या घरांतील मुलांना त्यांना शिकवायचे होते, ती घरे हीच होती.

बालवाडी काढली म्हणून मुले आपोआप आली नाहीत. मोठी माणसे पहाटेच कामावर जात, धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राही, आणि हरिजनवस्तीतील मुले गावातल्या इमारतीत पाऊल टाकायला कचरत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. ज्या अंगणात मुले धुळीत खेळत असत, तेच झाडून, शिंपून तेथे वर्ग भरू लागला. याच वर्गाला अंगणवाडी हे नाव मिळाले.

अंगणवाडीचा पहिला पाठ अक्षरांचा नसे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे यांतच सकाळ जाई. हे सारे मुलांच्या आया व आज्या कडेला उभ्या राहून पाहत, त्यामुळे वर्ग एका अर्थाने त्यांचाही होत असे. शैक्षणिक साधनांचा प्रश्न परिसरानेच सोडवला. शिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पाने, बांबूच्या नळ्या, मातीची भांडी यांतून रंग, आकार, लहान–मोठे, खरखरीत–गुळगुळीत यांचे भेद शिकवले जाऊ लागले. विकत आणलेल्या दट्ट्याच्या पेटीने जे साधत असे, ते जवळपास फुकट साधू लागले. गुंड्या लावण्याच्या चौकटी लंगोटी नेसणाऱ्या मुलाच्या काय कामाच्या? तत्त्व कायम ठेवून साधन बदलता येते, एवढेच नव्हे तर ते बदललेच पाहिजे, हे बोर्डीच्या कामाने दाखवून दिले. मॉंटेसरी पद्धतीच्या कर्मठ अनुयायांना असे फेरफार रुचणे कठीणच होते, परंतु मूळ संकल्पनेशी अधिक इमान कोणी राखले, हे सान लोरेन्झोची आठवण ठेवून ठरवावे लागेल.

कोसबाड, कुरणशाळा व विकासवाडी

१९५७ मध्ये केंद्राचे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. येथे चोहोबाजूंनी वारल्यांचे पाडे होते. त्यामुळे अडचणीही वेगळ्या उभ्या राहिल्या. पुस्तकी मराठी ही या मुलांच्या घरची भाषा नव्हती. सहा–सात वर्षांचे मूल म्हणजे कमावते मूल. ते गुरे राखी व त्याच्या मोबदल्यात त्याला पोटाला मिळे. सक्तीचा कायदा दाखवून अशा मुलाला वर्गात बसवणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणे होते.

यावर शोधलेला उपाय म्हणजे कुरणशाळा. गुरे जेथे चरतात तेथे, झाडाच्या सावलीत, शिक्षक जाऊन बसत. गुरे मोजता मोजता अंक येत, झाडे–पाने ओळखता ओळखता निसर्गविज्ञान येई, आणि गाणी, गोष्टी व खेळ यांतून भाषा पुढे सरके. एखादे जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले की मूल उठून धावे. त्याचा खोळंबा कोणी मानीत नसे. दिवसभर ज्यांना सवडच नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरत. शिकवणे मुलाच्या दिनक्रमात बसवले पाहिजे, उलटे करून चालणार नाही, या भूमिकेचे इतके रोखठोक रूप भारतीय प्राथमिक शिक्षणात क्वचितच आढळते.

विकासवाडीचा प्रयोग याहून व्यापक होता. मुली शाळा का सोडतात याचे कारण कडेवरच्या भावंडात दडलेले आहे, हे ताराबाई व अनुताई यांनी ओळखले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. थोरली बहीण धाकट्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसू शकली, मधले भावंड बालवाडीत रमले. बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला परके वाटू नये हाही त्यात हेतू होता. बालवाडीचे खेळकर वातावरण पहिली–दुसरीच्या वर्गांतही राखले जाई. बालवाडीत खेळायचे व पहिलीत शिकायचे, ही फाळणी ताराबाईंना मान्य नव्हती.

या कामाला मर्यादाही होत्या. शिकलेले वारली मूल पुढे करणार काय, या प्रश्नाचे उत्तर एकट्या शाळेजवळ नव्हते. शेतीचे शिक्षण, बालसेविकांचे प्रशिक्षण व हस्तोद्योग यांची जोड त्यासाठी हळूहळू द्यावी लागली.

सार्वजनिक कार्य व अखेर

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई काँग्रेसच्या वतीने मुंबई विधानसभेच्या सदस्या होत्या. बालशिक्षणविषयक अनेक समित्यांवरही त्यांनी काम केले. पद्मभूषण मिळाल्यानंतरही त्यांचा ओढा कोसबाडकडेच राहिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर केंद्राची जबाबदारी अनुताई वाघ यांनी सांभाळली. अनुताईंना पद्मश्री देण्यात आली. त्यांचे आत्मकथन ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे या कामाची माहिती मिळवण्याचे महत्त्वाचे साधन आहे. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या खासगी जीवनावर आधारलेले आहे. सार्वजनिक कामाची घरातल्या माणसांनी मोजलेली किंमत हा त्याचा विषय असल्याने, ताराबाईंच्या चरित्राची जी बाजू गौरवग्रंथांत सहसा येत नाही, ती त्यात आलेली आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. या योजनेच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. आज देशातील सर्व राज्यांत ते रूढ आहे. शासकीय अंगणवाडीचा भर पूरक आहार, लसीकरण व वजन–नोंदणी यांवर राहिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा तिच्या सेवांपैकी एक भाग असला, तरी बोर्डीच्या अंगणात त्याला जे स्थान होते, ते अनेक ठिकाणी त्याला मिळालेले नाही. कोसबाडच्या टेकडीवर नूतन बालशिक्षण संघाचे काम पुढेही चालू राहिले असून शिक्षक–प्रशिक्षणार्थी तेथे अभ्यासभेटीसाठी जात असतात.