लुई पाश्चर, चावा घेतलेला मुलगा आणि कुत्र्याचा मालक

रेबीजची लस म्हटले की लुई पाश्चर यांचे नाव येते. ते डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. त्यामुळे माणसाला स्वतः इंजेक्शन देण्याचा अधिकार त्यांना कायद्याने नव्हता.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. बालपण आर्ब्वा गावात गेले. ते आठ वर्षांचे असताना त्या भागात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. तेव्हा जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग देणे एवढाच उपाय होता आणि त्यानंतरही माणसे दगावत. पुढे १८६८ मध्ये पक्षाघाताने पाश्चर यांची डावी बाजू लुळी झाली. रेबीजवरचे सगळे काम त्यानंतरचे आहे.

या कामासाठी पिसाळलेले कुत्रे पाळावे लागत. पॅरिसजवळ व्हिलनव्ह-लेतांग येथे त्यांच्यासाठी पिंजरे बांधायचे ठरले, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. तो विरोध अडाणीपणाचा होता असे मला वाटत नाही. धोकादायक जनावर बाळगणाऱ्याने शेजाऱ्यांना उत्तर द्यायलाच हवे, मग तो पाश्चर का असेना.

४ जुलै १८८५ रोजी आल्सासमधील नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला एका कुत्र्याने चौदा ठिकाणी चावे घेतले. कुत्रा पाळीव होता. मालकावरही तो धावून गेला आणि मालकाने त्याला मारून टाकले. ६ जुलैला जोसेफ आईबरोबर पॅरिसला पाश्चर यांच्याकडे पोहोचला, आणि सोबत तो मालकही होता. त्याच्या दंडावर चावा होता, पण दात कातडीत शिरले नव्हते, म्हणून पाश्चर यांनी त्याला लस न देता घरी जायला सांगितले. कातडी फाटली आहे की नाही, हा प्रश्न आजही आम्ही सर्वांत आधी विचारतो.

डॉ. ग्रांशे यांनी दहा दिवसांत जोसेफला तेरा इंजेक्शने दिली. ती रेबीज झालेल्या सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून तयार केली होती. मुलगा वाचला. मात्र कुत्रा पिसाळलेला होता हे कशावरून ठरले? त्याच्या पोटात गवत आणि लाकडाचे तुकडे सापडले, एवढ्यावरून. आज हा पुरावा कोणी मान्य करणार नाही.

फ्रान्समध्ये १८८१ च्या कायद्यानुसार, रेबीजचा संशय असलेला कुत्रा किंवा मांजर ताबडतोब मारण्याची जबाबदारी मालकाची होती. त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहायची नव्हती. लस नसलेल्या काळात ते समजण्यासारखे होते.

आता पद्धत वेगळी आहे. चावलेला पाळीव कुत्रा मारू नये, सोडूनही देऊ नये. त्याला दहा दिवस सुरक्षित बांधून ठेवून पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ठेवावे. या काळात तो निरोगी राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानता येते. पण त्यासाठी रुग्णाचे उपचार थांबवू नयेत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, त्याच दिवशी लस सुरू करावी आणि रक्त आले असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इम्युनोग्लोब्युलिनही घ्यावे. भारतात आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. "आमचा कुत्रा कधी चावत नाही" हे वाक्य तिथे फारसे उपयोगी पडत नाही. लसीकरणाचे कार्ड मात्र डॉक्टरांनाही लगेच दाखवावे.

पाश्चर यांनाही प्रत्येक वेळी यश आले नाही. १८८५ च्या शेवटी चाव्यानंतर महिन्याहून अधिक काळाने आणलेली एक मुलगी दगावली. उशीर झाला आहे हे माहीत असूनही त्यांनी तिच्यावर उपचार केले होते.

१४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले आणि त्यांचे दफन त्याच संस्थेच्या इमारतीत करण्यात आले. मोठा झाल्यावर जोसेफ माइस्टर तिथेच दरवान म्हणून नोकरीला होता.