विषाचा माग काढणारी लेखिका : रेचेल कार्सन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डीडीटी या रसायनाने हिवताप आणि टायफस या रोगांपासून असंख्य सैनिक व नागरिकांचे प्राण वाचवले. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखणारे स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. युद्ध संपताच अमेरिकेतील शेते, जंगले आणि शहरांतील वृक्षराजी यांवर हे रसायन मुक्तहस्ते फवारले जाऊ लागले. किडे मेल्यानंतर त्या विषाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नव्हता. तो प्रश्न लावून धरणाऱ्या आणि त्याचे उत्तर सामान्य वाचकापर्यंत नेणाऱ्या लेखिका म्हणजे रेचेल कार्सन.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. निसर्गाची ओढ त्यांना आईकडून मिळाली. लेखिका होण्याच्या इच्छेने महाविद्यालयात गेलेल्या कार्सन तेथे जीवशास्त्राकडे वळल्या आणि १९३२ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. वडिलांच्या निधनानंतर घराचा भार त्यांच्यावर आला. पुढे बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींचे पालकत्वही त्यांनी स्वीकारले. सरकारच्या मत्स्यविभागात नोकरी करत, रात्री जागून त्या समुद्रावर लिहीत राहिल्या. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने त्यांना कीर्ती आणि आर्थिक स्थैर्य दिले. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली.

१९५८ च्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील एका मैत्रिणीचे पत्र त्यांना आले. डासांसाठी झालेल्या हवाई फवारणीनंतर तिच्या अंगणातले पक्षी तडफडून मेले होते. कार्सन यांनी शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार सुरू केला आणि देशभरात विखुरलेली संशोधने त्या एकत्र जुळवू लागल्या.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराचे उदाहरण त्यांना विशेष बोलके वाटले. तेथील चिलटांचा उपद्रव थांबवण्यासाठी १९४९ मध्ये डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी पाण्यात सोडण्यात आले. प्रमाण होते सात कोटी भाग पाण्यात अवघा एक भाग. १९५४ आणि १९५७ मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला. त्यानंतर आपल्याकडील टिबुकलीच्या कुळातले ग्रीब पक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत दर दहा लाख भागांमागे १,६०० भाग इतके रसायन आढळले. पाण्यात मिसळलेले विष सूक्ष्म प्लवकांनी शोषले, प्लवक लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांच्या पोटी गेले आणि मासे पक्ष्यांनी टिपले. हे रसायन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते चरबीत साठते आणि सहजी विघटित होत नाही. त्यामुळे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचा साठा वाढत गेला. सरोवरावर घरटी करणाऱ्या ग्रीबच्या हजाराहून अधिक जोड्यांपैकी १९६० पर्यंत सुमारे तीसच उरल्या.

हीच साखळी जमिनीवरही होती. एल्म वृक्षांवरील रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी फवारणी होई, शरद ऋतूत विषारी पाने गळत, गांडुळे ती खात आणि वसंतात परतलेले रॉबिन पक्षी ती गांडुळे टिपत. अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनचा जीव घेण्यास पुरेशी ठरत.

हे लेखन चालू असतानाच आई गेली, आणि दिवंगत भाचीच्या लहान मुलाला दत्तक घेतलेल्या कार्सन यांना १९६० मध्ये स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. विरोधकांना आजाराचे निमित्त करून पुस्तकाच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवता येऊ नये म्हणून त्यांनी तो लोकांपासून दडवून ठेवला. सप्टेंबर १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. रसायन उद्योगाने त्यांच्यावर झोड उठवली आणि त्या भावनाविवश असल्याची टीका केली. वस्तुतः कीटकनाशके सर्वथा बंद करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरसकट आणि अंधाधुंद वापराने विष सर्वत्र पसरते, शिवाय कीटकही त्याला पुरून उरतात, एवढेच त्या पुराव्यानिशी सांगत होत्या. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने मे १९६३ च्या अहवालात त्यांच्या मांडणीला बळ दिले. पुढच्याच महिन्यात, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, जेथे कधी फवारणी झालीच नव्हती त्या अंटार्क्टिकातील पेंग्विनच्या शरीरात डीडीटीचे अंश सापडले. उष्ण प्रदेशात बाष्परूप होणारी अशी रसायने वाऱ्याबरोबर दूर जातात आणि थंड प्रदेशात पुन्हा खाली उतरतात, हे पुढील संशोधनाने दाखवले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीचा बहुतांश वापर थांबवला. अशा चिवट रसायनांवर नियंत्रण आणणारा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला. भारताने १९८९ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी घातली आणि २००६ मध्ये या कराराला मान्यता दिली. हिवतापासारख्या रोगांच्या नियंत्रणासाठी मर्यादित वापराची सवलत मात्र करारात आहे. गरजेपुरता, तोही परिणाम जाणून घेऊन केलेला वापर, हे कार्सन यांच्या मागणीचे सार त्या सवलतीतही दिसते.