विश्लेषण : दहा वर्षांचे काम ४९ वर्षे का चालले? ‘ऑक्सफर्ड’ शब्दकोशाच्या जेम्स मरे यांचा अंदाज कुठे चुकला?

इंग्रजीतील शब्दांचा जन्मापासूनचा इतिहास सांगणारा कोश दहा वर्षांत तयार होईल, असे १८७९ मध्ये ठरले. तो पूर्ण झाला १९२८ मध्ये. तोवर मुख्य संपादक जेम्स मरे यांच्या निधनाला १३ वर्षे होऊन गेली होती. हुशार आणि कष्टाळू माणसाचाही वेळेचा अंदाज इतका कसा चुकतो?

जेम्स मरे कोण होते?

मरे यांचा जन्म १८३७ मध्ये स्कॉटलंडमधील डेनहॅम गावचा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. अनेक भाषा ते स्वतःच शिकले. गावाकडे शिक्षकी केल्यानंतर आजारी पत्नीसाठी ते लंडनला आले आणि भारताशी व्यवहार करणाऱ्या चार्टर्ड बँकेत कारकून झाले. लहान मुलगी गेली, पाठोपाठ पत्नीही गेली. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले आणि १८७० पासून मिल हिल येथील शाळेत ते शिकवू लागले. फावल्या वेळेत भाषेचा अभ्यास सुरूच होता.

करार काय होता?

कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीची. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांना पहिला भाग साधारण दोन वर्षांत निघेल असे वाटत होते. पण १८६१ मध्ये, वयाच्या तिशीत त्यांचे निधन झाले. पुढे काम रेंगाळले. १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसशी करार झाला : चार खंड, सुमारे ६,४०० पाने, दहा वर्षे. मरे यांनी शाळेची नोकरी सांभाळून संपादन करायचे होते. त्यांनी घराच्या अंगणात पत्र्याची खोली बांधली आणि तिच्यात चिठ्ठ्यांसाठी एक हजाराहून अधिक कप्पे केले. जुनी-नवी पुस्तके वाचून शब्दांचे दाखले पाठवण्यासाठी एक हजार वाचक तीन वर्षांकरिता हवेत, असे आवाहनही केले.

वेळ नेमका कुठे गेला?

आधीच्या वीस वर्षांत जमलेल्या सुमारे दोन टन चिठ्ठ्या मरे यांच्याकडे आल्या. माल तयार आहे असे वाटत होते; पोती उघडल्यावर चित्र वेगळे निघाले. एका पोत्यात मेलेला उंदीर होता. ‘एच’ अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीतील फ्लॉरेन्समध्ये सापडल्या. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या काही चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात होत्या आणि त्यातल्या काही विस्तव पेटवायला वापरून झाल्या होत्या. वाचकांनी दुर्मीळ शब्द हौसेने टिपले होते, रोजच्या साध्या शब्दांचे दाखले मात्र अपुरे होते. ते नव्याने शोधावे लागले.

दुसरी अडचण हिशेबातच होती. मुदत पाळायची तर रोज ३३ शब्द हातावेगळे व्हायला हवे होते. पण ‘अप्रूव्ह’सारखा एकच शब्द दिवसाचा बराचसा वेळ खाई. चिठ्ठ्या मोजता येतात. एका शब्दाचे किती अर्थ निघतील आणि त्यांचा क्रम कसा लागेल, हे काम हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. पाने ३५२ आणि मजल ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. दहापैकी पाच वर्षे संपली होती.

प्रकाशकांनी काय केले?

मरे यांनी शाळा सोडून पूर्णवेळ काम करावे, असे ठरले. १८८५ मध्ये ते कुटुंबासह ऑक्सफर्डला गेले. त्यांची मुलेही खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या लावत. १८८८ मध्ये हेन्री ब्रॅडली यांना दुसरे संपादक नेमले, पुढे आणखी दोघे आले. खर्च कमी करा, वेग वाढवा, असा तगादा सुरूच होता. संपादकांचा त्रागा इतका वाढला की प्रकल्प बंद पडतो की काय, अशी वेळ आली. १८९५ पासून मोठ्या भागांऐवजी ६४ पानांचे छोटे भाग ठरावीक काळाने निघू लागले आणि निदान काम कुठवर आले, हे वाचकांना दिसू लागले.

अंदाज का चुकतो?

करारानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, डॅनिएल कानमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले. माणूस आपल्यासमोरचे काम पाहून, सगळे सुरळीत होईल असे धरून मुदत सांगतो. तशाच इतर कामांना किती वेळ लागला, हे पाहत नाही. तसे उदाहरण १८७९ मध्येही समोर होते. ग्रिम बंधूंनी जर्मन कोश १८३८ मध्ये हाती घेतला होता. दोघेही भाऊ वारले, तरी ४१ वर्षांनंतर तो अपुराच होता. तो पूर्ण झाला १९६१ मध्ये.

आकडेही बोलके आहेत. ऑक्सफर्ड कोशाची पाने अंदाजाच्या सुमारे अडीच पट झाली, १५ हजारांवर गेली. वेळ मात्र जवळपास पाच पट लागला. म्हणजे काम वाढले, हे अर्धेच उत्तर. पानामागे लागणारा वेळही कमी धरला गेला होता.

शेवट काय झाला?

मरे यांना १९०८ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १९१७ मधील ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश संपावा, ही त्यांची आशा होती. २६ जुलै १९१५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ‘टी’ अक्षरावर होते. कोशाची जवळपास निम्मी पाने एकट्या मरे यांनी संपादित केली. १९ एप्रिल १९२८ रोजी शेवटचा भाग बाहेर पडला, तेव्हा ४,१४,८२५ शब्दांची नोंद झाली होती.

दहा वर्षांचा आकडा पाळण्यासाठी मरे यांनी शब्दांना कात्री लावली असती, तर कोश वेळेच्या जवळपास निघालाही असता. पण मग शंभर वर्षांनंतरही ज्याचा आधार घेतला जातो, तो हा कोश राहिला नसता. मात्र खरी मुदत आधीच सांगितली असती, तर १८७९ मध्ये करारावर सह्या झाल्या असत्या का, हा प्रश्न उरतोच.