रॉबर्ट वॉटसन-वॅट

सर रॉबर्ट अलेक्झांडर वॉटसन-वॅट (१३ एप्रिल, १८९२ : ब्रेचिन, स्कॉटलंड – ५ डिसेंबर, १९७३ : इन्व्हरनेस, स्कॉटलंड) हे रडारच्या विकासातील अग्रणी ब्रिटिश शास्त्रज्ञ होते.

डंडी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१५ साली ते ब्रिटिश हवामान खात्यात रुजू झाले. वैमानिकांना गडगडाटी वादळाची आगाऊ सूचना देणे हे त्यांचे काम होते. वीज चमकताना रेडिओ तरंग निर्माण होतात. त्यांची दिशा कळली की वादळाचा माग लागतो. वळवाच्या विजांनी माणसे-जनावरे गमावणाऱ्या मराठवाड्याला परिचित असलेले पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲपही हेच तरंग टिपणाऱ्या केंद्रांवर अवलंबून आहे. मात्र अँटेना फिरवून दिशा शोधेपर्यंत संकेत संपलेला असे. यावर उपाय म्हणून वॉटसन-वॅट यांनी १९२० च्या दशकात काटकोनात उभारलेल्या दोन अँटेनांचे संकेत दोन स्वतंत्र विवर्धकांनी वाढवून ऋण किरण नलिकेच्या आडव्या व उभ्या दिशेच्या पट्ट्यांना दिले. पडद्यावर उमटणारी तिरपी रेषाच दिशा दाखवू लागली. दोन्ही विवर्धक तंतोतंत सारखे असणे अत्यावश्यक होते. एकाने संकेत किंचित जास्त वाढवला तरी रेषा कलून दिशा चुके.

१९३५ च्या आरंभी हवाई मंत्रालयाने ‘मृत्युकिरण’ शक्य आहे काय, अशी विचारणा केली. ते अशक्य असल्याचे सहायक अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणिताने दाखविले आणि विमानावरून परावर्तित झालेले तरंग टिपता येतील, असे सुचविले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी बीबीसीच्या डॅव्हेंट्री येथील लघुतरंग प्रक्षेपकाच्या साहाय्याने प्रयोग झाला. प्रक्षेपकाकडून थेट येणारा संकेत इतका प्रबळ होता, की त्यात क्षीण प्रतिध्वनी बुडून गेला असता. म्हणून दोन अँटेनांतील थेट संकेत परस्परांविरुद्ध जोडून आधी रद्द केला व उरलेला तेवढा वाढविला. विमान जवळ येताच पडद्यावरील ठिपका ताणला गेला. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमानाचा मागोवा लागला. ‘रडारचे जनक’ या उपाधीत विल्किन्स यांचा वाटा मोठा आहे, हे बहुधा विसरले जाते.

पुढे ‘चेन होम’ या केंद्रमालिकेत स्पंद वापरले गेले. स्पंद निघताच पडद्यावर डावीकडून उजवीकडे प्रकाशरेषा धावे व प्रतिध्वनी आल्यावर तिच्यात खाच पडे. त्या खाचेच्या जागेवरून विमानाचे अंतर मिळे. विवर्धक संकेतासोबत गोंगाटही वाढवितो. त्यामुळे खरी खाच ओळखणे हे कौशल्याचे काम होते आणि ते बहुतांशी महिला हवाई दलाच्या तरुणींनी केले. १९४० च्या हवाई लढाईत ब्रिटनला याचा मोठा आधार मिळाला. १९४२ साली वॉटसन-वॅट यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

युद्धानंतर ते कॅनडात राहिले. तेथे वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांना दंड झाला. पोलिसांनी वेग मोजला होता तो रडारनेच. पिटलॉक्री येथे, महिला हवाई दलाच्या पहिल्या संचालिका असलेल्या पत्नी कॅथरिन ट्रेफ्युसिस-फोर्ब्स यांच्यासोबत त्यांचे दफन झाले.