हवा निर्मळ करणारा संशोधक

सोलापूरचे ऊन सर्वांच्या परिचयाचे आहे. उन्हाळा सुरू झाला की तेथे घरोघरी गोधड्या, गाद्या आणि उशा उन्हात घातल्या जातात. पाणी गाळून, उकळून प्यावे, हेही घरातील वडीलधारी माणसे आवर्जून सांगतात. परंतु बंद खोलीतील हवेचे काय? झरोक्यातून कवडसा आत आला म्हणजे त्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसतात. कवडसा सरला की ते दिसेनासे होतात. पण हवेतून नाहीसे होत नाहीत. पाण्याप्रमाणे ही हवाही निर्मळ करता येईल काय, ह्या प्रश्नाच्या शोधात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते अमेरिकेतील संशोधक म्हणजे विल्यम फर्थ वेल्स.

वेल्स हे आरोग्य अभियंता होते. लोकांना शुद्ध पाणी मिळावे आणि त्यांचे रोगांपासून रक्षण व्हावे, हे त्यांचे काम. त्या काळी अमेरिकेत कालवे हा लोकांचा आवडता पदार्थ होता. घाण पाण्यातील कालवे खाल्ल्याने माणसांना विषमज्वर होत असे. म्हणून ती निर्जंतुक कशी करावी आणि त्यांची पैदास कशी वाढवावी, ह्याचा वेल्स ह्यांनी अभ्यास केला. कालवांची पिल्ले अतिशय बारीक असतात. ती पाण्यातून वेगळी काढण्यासाठी त्यांनी १९२० च्या सुमारास दूध स्वच्छ करण्याचे गरगर फिरणारे यंत्र वापरले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात असताना ह्याच युक्तीने त्यांनी हवेतील जंतू पकडणारे यंत्र बनविले. त्यात हवा वेगाने फिरे, तिच्यातील जंतू काचेच्या नळीच्या कडेला जाऊन चिकटत आणि मग ते वाढवून मोजता येत.

त्या वेळी बहुतेक वैद्यांची अशी समजूत होती की रोग हवेतून दूरवर पसरत नाहीत. रोगी खोकला किंवा शिंकला तर त्याच्या तोंडातून उडालेले तुषार जवळच जमिनीवर पडतात. म्हणून त्याच्यापासून चार हात दूर राहिले की पुरे, असे ते मानीत. वेल्स ह्यांनी ह्या तुषारांचाच कसून अभ्यास केला. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठे थेंब लवकर खाली पडतात, हे त्यांना मान्य होते. परंतु त्याहून लहान थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच सुकून जातात. त्यांच्यातील पाणी उडून जाते आणि उरलेला सूक्ष्म कण जंतूंसह हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. हा निष्कर्ष त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला.

आता प्रश्न होता तो उपायाचा. सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते, हे १८७७ सालीच इंग्लंडमधील दोन संशोधकांना आढळले होते. प्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे असे जे अतिनील किरण असतात, त्यांच्या अंगी ही शक्ती असते. जंतूची वाढ ज्या द्रव्याच्या आधारे होते, त्यालाच हे किरण इजा करतात. मग त्या जंतूपासून नवे जंतू निपजत नाहीत. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून असे किरण मिळतात. वेल्स ह्यांनी १९३५ च्या सुमारास हवेत जंतू सोडून त्यांवर ह्या दिव्याचा प्रकाश टाकला, तेव्हा ते थोड्याच वेळात निष्प्रभ झाले.

ह्या किरणांनी डोळ्यांना व कातडीला अपाय होतो. म्हणून दिवे भिंतीवर उंच, माणसांच्या डोक्यांच्या वर लावावयाचे आणि त्यांचा प्रकाश छताकडेच जाईल अशी आडोशाची पट्टी बसवावयाची, अशी योजना झाली. खोलीतील गरम हवा वर जाते, किरणांत शुद्ध होते आणि पुन्हा खाली येते.

१९३७ साली वेल्स पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड ह्या डॉक्टर होत्या. फिलाडेल्फिया शहराच्या परिसरातील काही शाळांच्या वर्गांत ह्या पतिपत्नींनी दिवे लावले आणि काही वर्ग तसेच ठेवले. १९४१ साली तेथे गोवराची मोठी साथ आली. ज्यांना पूर्वी गोवर झाला नव्हता अशा मुलांपैकी दिवे नसलेल्या वर्गांत निम्म्याहून अधिक मुले आजारी पडली. दिवे असलेल्या वर्गांत मात्र शंभरात तेरा-चौदाच.

एवढ्यावर यश हाती आले असे वाटावे, पण तसे घडले नाही. इतरत्र झालेल्या प्रयोगांत असा लाभ दिसला नाही. मुले वर्गात सुरक्षित असली, तरी शाळेच्या गाडीत आणि घरी दारी एकत्र येतच होती. तज्ज्ञांचा विश्वास उडाला. वेल्स ह्यांचा स्वभावही तापट असल्याने त्यांचे मित्र थोडे आणि टीकाकार फार झाले. तरी त्यांनी आपले काम सोडले नाही. १९५५ साली त्यांनी हवेतून पसरणाऱ्या रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचे एके काळचे विद्यार्थी रिचर्ड रायली आता त्यांच्या मदतीस आले. बाल्टिमोर येथील एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळ्यांनी वरच्या बाजूस नेऊन ती सुमारे दीडशे गिनीपिगांना श्वासावाटे दिली. रोगी आणि प्राणी ह्यांची कधी गाठ पडत नव्हती. त्यांना जोडणारी होती ती केवळ हवा. तरी महिन्याला सुमारे तीन प्राण्यांना क्षयाची बाधा होऊ लागली. मग प्राण्यांच्या दुसऱ्या गटाकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडण्यात आले. त्या गटातील एकालाही बाधा झाली नाही!

हा निकाल १९६२ साली प्रसिद्ध झाला. परंतु वेल्स तोवर असाध्य रोगाने अंथरुणाला खिळले होते. १९६३ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत गोवराची लस वापरात आली. क्षयावर औषधेही मिळू लागली होती. त्यामुळे वेल्स ह्यांचे दिवे मागे पडले आणि त्यांचे नावही विस्मृतीत गेले.

पुढे औषधांना दाद न देणारा क्षय पसरू लागला, तेव्हा त्यांच्या कामाची पुन्हा आठवण झाली. रुग्णालयांतील हवा शुद्ध करण्यासाठी उंच लावलेले हे दिवे वापरावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली, तेव्हा बंद खोलीतील हवेचे महत्त्व सर्वसामान्यांनाही कळून आले.

आपल्या शोधाचे चीज झालेले पाहणे वेल्स ह्यांच्या नशिबी नव्हते. लोक मानोत वा न मानोत, जे प्रयोगाने सिद्ध झाले ते सांगत राहावयाचे आणि जे सिद्ध झाले नाही त्यासाठी पुन्हा प्रयोग करावयाचा, हे व्रत मात्र त्यांनी अखेरपर्यंत पाळले. शुद्ध पाण्याइतकीच शुद्ध हवाही माणसाला हवी, हा त्यांचा विचार आज जगाने स्वीकारला आहे.